पाडेगांवचे वाफे आणि तासगांवचे मळे

साताऱ्यास जाणारा प्रवासी बहुधा अजिंक्यतारा पाहतो, सज्जनगड चढतो आणि परततो. आम्ही यंदा निराळी वाट धरली. एखादें पीक खरोखर चांगलें कीं नुसतेंच नांवाजलेलें, हें ठरतें कसें, तें पाहावें या हेतूनें प्रथम फलटण तालुक्यांतील पाडेगांव गांठलें.

येथील ऊस संशोधन केंद्र १९३२ सालचें. कोइमतूरच्या संकरांतील 'को ८६०३२' हा ऊस येथील कसोटीस उतरून १९९६ सालीं शेतकऱ्यांच्या हातीं आला. कसोटीची रीत साधी, पण कडक असते. नव्या जातीशेजारीं जुनी लावावयाची. प्रत्येकीचे वाफे शेतांत विखरून तीन-चार वेळां घ्यावयाचे, म्हणजे जमिनीच्या एका तुकड्याचा कस पिकाच्या खातीं जमा होत नाहीं. आणि एका वर्षाच्या निकालावर विसंबावयाचें नाहीं.

तेथून दहिवडी, मायणी, विटें या वाटेनें दक्षिणेस निघालों, तों कालव्याची हिरवळ मागें पडून माणदेशचीं उघडीं माळरानें लागलीं. ज्या जिल्ह्यांत महाबळेश्वरीं २०० इंचांहून अधिक पाऊस कोसळतो, त्याच जिल्ह्याच्या माण तालुक्यांत तो २० इंचांच्या आसपास घुटमळतो. केंद्रावरचा निकाल या माळावर जसाच्या तसा कसा लागू पडावा? शिवाय महाराष्ट्रांतील शेतकऱ्याची सरासरी जमीन १९७०-७१ सालीं ४.२८ हेक्टर होती, ती २०१५-१६ सालीं १.३४ हेक्टरांवर आली. केंद्राचा वाफा फसला तर त्यांतूनही ज्ञान मिळतें. एवढ्याशा जमिनीच्या धन्याचें पीक फसलें, तर मुलांच्या शाळेपासून बैलांच्या वैरणीपर्यंत साऱ्यांचीच ओढाताण होते.

या अडचणीवर सांगली जिल्ह्यांतील तासगांवीं निघालेला तोडगा आम्हांस मोलाचा वाटला. गणिताचे अध्यापक कै. श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनीं 'प्रयोग परिवार' उभा केला. शेतकऱ्यानें आपल्याच मळ्यांत प्रयोग करावा, टिपून ठेवावा आणि इतरांच्या अनुभवाशीं ताडून पाहावा, अशी त्यांची शिकवण. येथील द्राक्षबागाईतदारांनीं ती उचलून धरली. याच तालुक्यांतील बोरगांवचे वसंतराव आर्वे यांनीं 'थॉम्सन सीडलेस'मधून निवडलेली जात 'तास-ए-गणेश' या नांवानें दूरवर पसरली. द्राक्षाची काडी लावली म्हणजे मूळ वेलाचे गुण तिच्यांत उतरतात. म्हणून एका मळ्यांतील पारख हजारों मळ्यांच्या कामीं येते.

आमच्या वाचकांपैकीं अनेकांची थोडीफार जमीन गांवीं असेल. तेथें नवें बियाणें आणाल, तेव्हां प्रथम त्याची एकच ओळ जुन्या शेजारीं लावावी, आणि घरांतील मुलांच्या हातीं वही द्यावी: पाण्याच्या पाळ्या किती झाल्या, खुरपणीस किती रोज लागले, पदरांत काय पडलें. ओळ फसली तर नुकसान ओळीपुरतेंच. साधली, तर पुढच्या हंगामीं शेजारीही बांधावर येऊन पाहतील.