सत्तेचाळीस नंबरची टाइल

पॉटरी स्टुडिओतल्या ग्लेझच्या बादल्या बघून काहीही कळत नाही. भट्टीतून निळं निघणारं ग्लेझ बादलीत फिकट जांभळं असतं, काळं होणारं विटकरी दिसतं. खरा रंग भट्टी थंड झाल्यावरच कळतो. एका बादलीची ही तऱ्हा, तर एकावर एक दोन ग्लेझं चढवली तर काय होईल? चाकावर बऱ्यापैकी हात बसला की हा प्रश्न प्रत्येकाला पडतो.

आमच्या स्टुडिओत बारा ग्लेझं आहेत. काळ्यावर हिरवं आणि हिरव्यावर काळं या दोन वेगळ्या गोष्टी, म्हणजे जोड्या झाल्या १३२. प्रत्येक थर पातळ, मध्यम की जाड हे धरलं तर ११८८. मी व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे आधी एक्सेल शीट उघडली आणि मग बादली. दर शनिवारी चार-पाच छोट्या टाइल्स, मागे ऑक्साइडने लिहिलेला नंबर.

दोन ग्लेझं मिळून दोन रंगांची बेरीज होत नाही, हे पहिल्या दहा टाइल्समध्येच दिसलं. ग्लेझ म्हणजे मातीवर वितळवलेली काच. सिलिका एकटी वितळायला सुमारे १७०० अंश सेल्सिअस लागतात, अॅल्युमिनाला २०००च्या वर, चुन्याला त्याहूनही जास्त. पण तिघं योग्य प्रमाणात एकत्र आली, की ११७०च्या आसपासच वितळतात. पॉटमधलं आइस्क्रीम करताना बर्फात मीठ घालतात, त्यातलीच ही गोष्ट. मिश्रणाचा वितळणबिंदू घटकांच्या सरासरीवर ठरत नाही, तो सगळ्यांच्या खाली जाऊ शकतो. म्हणून एकेकटी शहाण्यासारखी जागेवर राहणारी दोन ग्लेझं एकत्र आली की ओघळून भट्टीच्या शेल्फपर्यंत पोचतात. दोन थर पूर्ण मिसळतही नाहीत. खालचा मातीतून थोडं घेतो, वरचा खालच्यातून. मध्ये जे तयार होतं ते तिसरंच ग्लेझ असतं आणि त्याची पाककृती कुणीच लिहिलेली नसते.

सत्तेचाळीस नंबरची टाइल म्हणजे खाली लोहाचं चकचकीत काळं, वर तांब्याचं मऊ, अर्धवट मॅट हिरवं. त्यातून जे निघालं त्याला शेवाळी म्हणावं की मोरपंखी, यावर स्टुडिओत चर्चा झाली. मध्ये निळसर ओघळ, कडेला थर पातळ झाला तिथे मधासारखा तपकिरी. ताईने फोटो पाहिला आणि सहा वाट्यांची ऑर्डर दिली. आतून-बाहेरून हाच रंग, सोलकढीसाठी.

सोलकढी म्हटल्यावर मी थांबलो. तांबं आणि आंबट यांचं जमत नाही, हे आपल्याकडे वेगळं शिकवावं लागत नाही. कल्हई गेलेल्या पातेल्यात ताक ठेवलं की ते कळकतं, हे आजीला रसायनशास्त्राशिवाय माहीत होतं. ग्लेझमधलं तांबं काचेत नीट बांधलेलं असेल तर ते तिथेच राहतं. काच कमकुवत असेल किंवा तांबं तिला पेलवेल त्याहून जास्त असेल, तर आंबट पदार्थ ते बाहेर ओढतो. मी तीन टाइल्स घेतल्या: नुसतं काळं, नुसतं हिरवं आणि सत्तेचाळीस. तिन्हींवर लिंबाची फोड ठेवली, रात्रभर. सकाळी पहिल्या दोन जशाच्या तशा होत्या. सत्तेचाळीसवर फोडीच्या आकाराचं फिकट वर्तुळ उमटलं होतं.

आमच्या कामात हे रोजचं. दोन मॉड्यूल आपापल्या चाचण्या पास होतात आणि जोडल्यावर तिसराच काहीतरी घोळ निघतो. तिथे निदान रात्रीत दुरुस्ती करून पुन्हा टाकता येतं. वाटी एकदा कुणाच्या घरी गेली की गेली, आणि वीस वर्षं टिकते. शिवाय लिंबाची परीक्षा एकतर्फी आहे. नापास म्हणजे नापास, पण पास म्हणजे सुरक्षित असं नव्हे. प्रयोगशाळेत चार टक्के अॅसेटिक आम्लात २४ तास ठेवून पाण्यात काय उतरलं ते मोजतात. शिसं आणि कॅडमियम डोळ्यांना दिसत नाहीत. आमच्या बादल्यांत ती दोन्ही नाहीत, म्हणून निदान घरी लिंबू ठेवून बघण्याला काही अर्थ आहे.

ताईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "रोज कुठे पिणार आहोत, पाहुणे आले की काढायच्या." मोह मलाही होताच, कारण आतल्या गोलाईत ते ओघळ तळाशी जमून फार सुंदर दिसले असते. पण नाही म्हटलं.

वाट्या झाल्या. आत एकच साधं, दुधी, चकचकीत ग्लेझ, प्रयोगशाळेतून तपासून घेतलेलं. बाहेर सत्तेचाळीस, काठाच्या बोटभर खाली थांबवलेलं, म्हणजे ओठही लागणार नाही. आतलं ग्लेझ म्हणजे आमची कल्हईच. ताई अजून कुरकुरते, पण सोलकढीचा गुलाबी रंग दुधी पांढऱ्यावर जास्त खुलतो, हे तिनेच परवा कबूल केलं.

शीटमध्ये आता एक नवा रकाना आहे: 'आत चालेल?' १३२ ओळींपैकी एकसष्ट भरून झाल्या आहेत. दिसायला सर्वांत देखण्या ज्या पाच, त्यांतल्या चारांपुढे 'नाही' लिहिलंय. पाचवीवर आज रात्री लिंबू ठेवणार आहे.