वाणगावची सपाट वाट

मुंबईहून डहाणूकडे जाताना बोईसरची कारखान्यांची दाटी मागे पडली की पुढचेच स्थानक वाणगावचे. 2013 साली मुंबईच्या उपनगरी गाड्या डहाणूरोडपर्यंत धावू लागल्या आणि 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. तथापि गावाने आपली संथ वृत्ती सोडलेली नाही. पश्चिमेस चिंचणीचा समुद्र, पूर्वेस वारली लोकांचे पाडे व त्यांपलीकडे डोंगर, आणि मध्ये चिकूच्या व मिरचीच्या वाड्या. ज्या 'डहाणू घोलवड' चिकूस 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, तो याच तालुक्याचा. प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत वाणगावचे नाव सहसा आढळणार नाही. आम्ही मात्र तेथे तीन महिने राहिलो, ते एका गुडघ्यासाठी.

वयाच्या चौसष्टाव्या वर्षी जिना उतरताना आमचा उजवा गुडघा मुरगळला. आतील कूर्चा थोडी फाटली असून शस्त्रक्रियेची घाई करू नये, मांडीस बळ आणावे, असा डॉक्टरांचा अभिप्राय पडला. धाकट्या बंधूंची वाडी वाणगावास असल्यामुळे मुक्काम तेथे ठरला.

एकत्र कुटुंबात आजाऱ्याची उणीव अशी कसलीच राहत नाही, आणि नेमकी तीच अडचण होते. "भावोजी, आपण उठू नका, पाणी मी आणून देते," असे वहिनींनी म्हणावे, पुतण्याने चपला पुढे ठेवाव्यात, नातीने काठी हाती द्यावी. या मायेस नावे कोण ठेवील? परंतु शरीराचा न्याय निराळा आहे. सांध्यात सूज आली की मांडीच्या पुढील स्नायूंस मज्जातंतूंकडून मिळणारी आज्ञाच मंदावते. त्यात विश्रांतीची भर पडली म्हणजे काही आठवड्यांतच मांडी रोडावते. मांडी रोडावली की सारा भार सांध्यावर पडतो, दुखणे वाढते, आणि दुखते म्हणून माणूस आणखी बसून राहतो. वडील माणसे पुष्कळदा दुखापतीने नव्हे, तर या फेऱ्याने परस्वाधीन होतात.

म्हातारपणी बळ कोठून येणार, ही शंका स्वाभाविक आहे. तिचे उत्तर 1990 साली बोस्टन येथे मिळाले. एका वृद्धाश्रमातील 86 ते 96 वर्षे वयाच्या दहा जणांस वजने देऊन आठ आठवडे मांडीचा व्यायाम करविला. नऊ जणांनी तो पुरा केला, आणि त्यांचे बळ सरासरीने पावणेतीनपट झाले. पुढे 2016 साली नॉर्वेमधील 140 मध्यमवयीन रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. त्यांच्या गुडघ्यातील कूर्चा फाटलेली होती. निम्म्यांवर शस्त्रक्रिया केली, निम्म्यांकडून बारा आठवडे व्यायाम करविला. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुडघ्यांत म्हणण्याजोगा फरक आढळला नाही.

आमचा क्रम अगदी साधा होता. प्रथम अंथरुणावर पाय पसरून गुडघ्याखाली पंचाची गुंडाळी ठेवावयाची व ती पाच अंक मोजीपर्यंत दाबून धरावयाची. नंतर पाय ताठ ठेवून वीतभर उचलावयाचा. तिसऱ्या आठवड्यापासून हातांचा आधार न घेता खुर्चीतून दहा वेळा उठणे. पुढे घोट्यास अर्धा किलो वाळूची पिशवी बांधली आणि वजन हळूहळू वाढविले. बळाचा हा व्यायाम एक दिवसाआड, कारण स्नायूची भर विश्रांतीच्या दिवशी होते. आखाड्यातील पुऱ्या बैठकांचा मोह मात्र आवरावा. दुखावलेल्या गुडघ्यास त्या आरंभी झेपत नाहीत. व्यायामानंतर किंचित दुखले आणि सकाळपर्यंत शमले तर चिंता नाही. सूज आली तर माप कमी करावे. गुडघा अडकत असेल, पायावर भार घेववत नसेल अथवा ताप येत असेल, तर व्यायामापूर्वी डॉक्टरांस दाखविणे अवश्य आहे.

या क्रमास वाणगावची भूमी जणू मोजून दिलेली आहे. चिकूच्या झाडांमधून सपाट, सावलीची वाट. पहिला महिना तिच्यावर गेला. दुसऱ्या महिन्यात स्थानकावरील पुलाच्या पायऱ्या: चढताना धडका पाय पुढे, उतरताना दुखरा पुढे. तिसऱ्या महिन्यात चिंचणीस ओहोटीच्या वेळी ओल्या, घट्ट वाळूवरून फेरी. कोरड्या वाळूत पाऊल रुतते, म्हणून ती शेवटी ठेविली.

या काळात घरात एक करार झाला. पाणी आम्हीच उठून घ्यावयाचे. वहिनींनी केवळ दुरून लक्ष ठेवावयाचे. त्यांस तो फार जड गेला. उठताना आमचा तोल किंचित गेला की त्यांचा हात पुढे येई, आणि त्या तो मोठ्या कष्टाने मागे घेत. आमच्या मते सर्व उपचारांत कठीण उपचार त्यांच्याच वाट्यास आला होता.

गुडघा पूर्ववत झाला असे आम्ही म्हणणार नाही. पाटावर बसून जेवता येते, आणि उठताना भिंतीचा आधार लागत नाही. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीचे दर्शन पायथ्याच्या देवळात घडले. डोंगरावरील स्थान अद्याप राहिले आहे, कारण चढणे साधले तरी उतरण्याची परीक्षा अधिक कडक असते. पिशवीत सध्या दोन किलो वाळू आहे. ज्या घरी असे वडील माणूस असेल, त्या घरच्या मंडळींनी त्याची काठी खुशाल जवळ ठेवावी, परंतु पाण्याचा तांब्या चार पावले दूर ठेवावा.