पानावरचा पाळणा

मुंबईची लोकल जिथे थांबते आणि घाट जिथे सुरू होतो, ते आपलं कसारा. जुलैत चौथीच्या मुलांना घेऊन मी तिथल्या रानातल्या ओढ्यावर गेले. एकाने पाण्यावर वाकलेली फांदी खेचली.

"तोडू नको रे!"

"बाई, फांदीच तर आहे!"

मग मी त्यांना एका बेडकाची गोष्ट सांगितली. तीच तुम्हीही ऐका. आपल्या सह्याद्रीतल्या असल्याच ओढ्यांकाठी एक छोटा, सुरकुतल्या कातडीचा बेडूक राहतो. जगात दुसरीकडे तो कुठेच नाही. पावसाळी रात्री नर पानावर बसून मादीला साद घालतो. अंडी घालायची तीही पाण्यावर झुकलेल्या पानांवर. पिल्लं बाहेर आली की टपकन खाली ओढ्यात! म्हणजे फांदी तोडली, की पाळणाच गेला.

१९५५ साली शास्त्रज्ञांनी त्याला 'हुमायुनी' हे नाव दिलं, मुंबईचे पक्षीतज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांच्यावरून. पुढे आपल्याकडच्या मोठ्या बेडकांच्या तंगड्या परदेशी खाण्यासाठी जात, तेव्हा अब्दुलअलींनी त्याविरुद्ध लिहिलं. बेडूक शेतातले किडे खातो. तो गेला तर नुकसान आपलंच. १९८७ मध्ये ही निर्यात बंद झाली.

"मग आता बेडूक सुखी ना, बाई?"

"काठची झाडी तुटली, ओढ्यात साबण नि प्लास्टिक आलं, तर कसला सुखी?"

मुलाने फांदी हळूच सोडली. परतताना आम्ही वेफर्सच्या रिकाम्या पिशव्या वेचल्या. दप्तरं भरली, पण ओढा मोकळा झाला.