वीतभर पाण्यातले पाहुणे

"ए मामा, ते बघ केवढं मोठ्ठं मैदान!" असं म्हणून माझा भाचा जो सुटला, तो मी मागून शर्टाची कॉलर धरली म्हणूनच थांबला. ते मैदान नव्हतंच मुळी. ते होतं पुण्याचं पाषाण तळं, आणि हिरवळ म्हणजे जलपर्णी. आणखी चार पावलं पुढे गेला असता तर भाचेबुवा कंबरभर चिखलात उभे राहून मला हाका मारत असते.

मित्रांनो, तुमच्यापैकी पुण्यात राहणाऱ्यांना हे तळं ठाऊक असेल. मुंबई-बंगळूर महामार्गावरून ट्रक धडधडत जात असतात आणि त्याच्या अगदी जवळ हे शांत पाणी. इंग्रजांच्या काळात रामनदीला बांध घालून ते केलं. ही नदी भूगाव, बावधनकडून येते, तळ्यात शिरते आणि पुढे औंधजवळ मुळेला मिळते. मी शाळेत होतो तेव्हा थंडीत सायकली हाणत आम्ही इथे यायचो आणि बदकं मोजता मोजता दमून जायचो. त्या दिवशी भाच्याला तेच दाखवायचं होतं, अन् समोर बघतो तर हिरवं मैदान!

पण निराश होऊन परत फिरलो नाही. आम्ही काठाकाठाने चालत नदी जिथे तळ्यात शिरते त्या बाजूला गेलो. नदीने आणलेला गाळ तिथेच आधी बसतो, त्यामुळे पाणी उथळ. चिखल, थोडं गवत, मध्येमध्ये डबकी. फोटो काढावा असं तिथे काही नाही. वासही येतो, खोटं कशाला सांगू? पण पक्षी होते ते सगळे तिथेच.

"इथेच का रे?" मी विचारलं. भाच्याने खांदे उडवले. मग मी त्याला दुर्बीण दिली आणि म्हटलं, "पाणी त्यांच्या कुठवर येतंय ते बघ."

तुम्हीही बघा. शेकाट्या हा लांब लाल पायांचा, काळ्या-पांढऱ्या अंगाचा पक्षी. काठ्यांवर चढल्यासारखा ऐटीत चालतो. त्याचे पाय जेमतेम वीतभर. त्याहून खोल पाण्यात तो चालणार कसा? तुतवार तर त्याच्याहून बुटका, त्याला घोट्याएवढंच पाणी लागतं. हळदी-कुंकू बदक (चोचीच्या टोकाला हळद अन् मुळाशी कुंकवाचे दोन ठिपके, नाव ठेवणाऱ्याला शाबासकीच द्यायला हवी!) डोकं खाली, शेपटी वर करून तळाचं खातं. त्याची मान पोचेल तेवढीच त्याची खोली. थापट्या बदकाची चोच पुढे उलथन्यासारखी रुंद असते. तिच्या कडांना शंभराहून जास्त बारीक दाते असतात. चोचीत पाणी घ्यायचं, बाजूने सोडायचं, आत राहिलेले किडे गिळायचे. आईची पिठाची चाळणीच म्हणा ना!

तर अशी गंमत आहे. आपल्याला तळं म्हटलं की खोल, निळं, स्वच्छ कडांचं आवडतं. पक्ष्यांना मात्र ते वितीने मोजलेलं लागतं. शहरातल्या तळ्याचं सुशोभीकरण करायचं ठरलं की पहिल्यांदा यंत्रं येतात, गाळ उपसतात, काठ सरळ उभे करतात. पाषाणलाही गाळ उपसला गेला, फिरायला पायवाट झाली. पाणी साठवायला गाळ काढावा लागतो हे मला कबूल आहे. पण सगळा काठ खोल केला की बुड्या मारणारे पाणकावळे तेवढे खूश होतात, बाकीचे पुढच्या गावाला जातात.

जलपर्णीची तऱ्हा वेगळी. ही मूळची दक्षिण अमेरिकेतली. घराघरांतलं सांडपाणी नदीतून तळ्यात आलं की तिला आयतं खत मिळतं, मग पंधरा-वीस दिवसांत ती दुप्पट होते. खाली उजेड जात नाही, कुजली की पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे मरतात. थोडी असली तर कमळपक्षी आणि जांभळी पाणकोंबडी तिच्यावरून ऐटीत चालतात, मला तेही बघायला आवडतं. पण पाणीच झाकलं गेल्यावर बदकांनी उतरायचं कुठे?

आणि ही बदकं येतात तरी कुठून! थापट्या, तलवार बदक, पांढऱ्या भुवईचं भुवई बदक ही मंडळी उत्तर आशियातली. तिकडे तळी गोठतात, तेव्हा ती हजारो किलोमीटर उडून आपल्याकडे येतात. धोबी पक्षी तर ऑक्टोबरच्या आसपास तुमच्या गच्चीवरही उतरेल. शेपटी सतत खाली-वर, जणू कपडेच आपटतोय. वजन वीस-पंचवीस ग्रॅम, म्हणजे चहाचे चार-पाच चमचे साखर!

थंडीत वारकऱ्यांची दिंडीही येते. हा काळाभोर पक्षी, कपाळावर पांढरा टिळा. उन्हाळ्यात पाणी आटतं आणि टिटवी काठच्या दगडगोट्यांत अंडी घालते. तिच्या जवळ गेलात तर डोक्यावर झेपावते, सांभाळा! पावसाळ्यात सुगरण नर पाण्यावर वाकलेल्या बाभळीला घरटी टांगतात. तेव्हाच लांब शेपटीचा कमळपक्षी पानांवर अंडी उबवत बसतो. हो, बसतो. मादी अंडी घालून निघून जाते, पुढचं सगळं बाबाकडे. हे ऐकून भाचा घरी जाऊन बाबांकडे बराच वेळ बघत होता.

जायचं असेल तर सकाळी सूर्य पाठीशी घेऊन उभे राहा. लालभडक शर्ट नको. बिस्किटं, फरसाण पाण्यात टाकायचं नाही. एक वही मात्र हवीच. भाच्याने पहिल्या पानावर तारीख घातली, सहा नावं लिहिली आणि प्रत्येकापुढे एक रकाना आखला, 'पाणी कुठवर'. शेकाट्यापुढे लिहिलं, 'गुडघा'. तुतवारापुढे 'घोटा'. वारकऱ्यापुढे बराच विचार करून 'पोट'.

निघताना तो म्हणाला, "मामा, जूनमध्ये हे पाणी वाढेल ना? मग शेकाट्या कुठे उभा राहील?"

जूनमध्ये आम्ही परत जाणार आहोत. वही त्याच्याकडेच आहे.