हवा, हवा!

पोस्ट जरा मोठी आहे, चहा घेऊन बसा.

लेक अकरावीत आहे, इथेच रियाधला, सीबीएसई. परवा गुरुवारी रात्री घर्षणाचा धडा काढला होता. दोन पृष्ठभाग किती क्षेत्रफळात टेकलेत यावर घर्षण अवलंबून नसतं, या वाक्यावर ती अडली. "का पण?" मी म्हटलं, "का-बिका नंतर, आधी पाठ कर." (मी स्वतः फिजिक्सची बीएस्सी, म्हणून जास्तच लाज वाटते.) आवाज चढले, दार आपटलं.

शुक्रवारी मूड सुधारावा म्हणून मक्का रस्त्याने निघालो. तुवैकचा कडा उतरलो आणि लाल वाळूत गाडी घातली. पन्नास मीटरवर फसली. नवऱ्याने ॲक्सिलरेटर दाबला तशी चाकं जागच्या जागी फिरली आणि गाडी पोटापर्यंत रुतली. पाण्याच्या दोन बाटल्या, फोनला रेंज येऊन-जाऊन, ऊन चढत चाललेलं. लेक गप्प. मला आतून कापरं भरलं होतं.

तासाभराने एक सौदी आजोबा पिकअपमधून आले. चाकाशी उकिडवे बसले, व्हॉल्व्हचं टोपण काढलं आणि म्हणाले, "हवा, हवा!" अरबीतही हवाच! पस्तीसवरचं प्रेशर पंधराच्या आसपास आणलं, चाकांपुढची वाळू हाताने उकरली. मग नवऱ्याला, "श्वै श्वै", म्हणजे हळूहळू. गाडी अलगद बाहेर.

मागच्या सीटवरून प्रश्न आला: "आई, हवा काढल्यावर टायर पसरला, क्षेत्रफळ वाढलं. त्याने फरक पडत नाही ना? मग गाडी निघाली कशी?"

मला उत्तर येत नव्हतं. तसं सांगितलंही.

रात्री दोघी बसलो. तो नियम फ्रान्सच्या आमोंतोंने 1699 मध्ये मांडला, कोरड्या, टणक वस्तूंसाठी. असं का, ते केंब्रिजच्या बाउडन आणि टेबर यांनी विसाव्या शतकात उलगडलं. गुळगुळीत दिसणारे पृष्ठभागही एकमेकांना मोजक्या उंचवट्यांवरच टेकतात. वीट आडवी ठेवा की उभी, वजन तेवढंच. उभी ठेवली तर टेकणारे उंचवटे कमी, पण प्रत्येकावर दाब जास्त, त्यामुळे खरा स्पर्श जवळपास तेवढाच राहतो.

वाळू मात्र टणक नाही, चाकाखाली तिचे कणच सरकतात. कडक टायर खोल रुततो आणि त्याला पुढ्यातला वाळूचा ढीग सतत चढावा लागतो. मऊ टायर वजन पसरवतो, कमी रुततो, चढ कमी होतो. म्हणजे आमची सुटका घर्षण वाढून नाही, तर चढ कमी होऊन झाली. आणि जागेवर फिरणारं चाक खालची वाळू मागे फेकून स्वतःचाच खड्डा खणतं. ॲक्सिलरेटर दाबून आम्ही तेच करत होतो.

वाळवंटात जाणाऱ्यांनी प्रेशर गेज आणि छोटा कंप्रेसर ठेवाच. डांबरी रस्त्यावर वेग घेण्याआधी हवा परत भरा, कमी हवेचा टायर तापून फुटू शकतो. पाणी भरपूर न्या. दोन गाड्या असल्या तर उत्तमच.

लेकीने पुस्तकातल्या त्या वाक्यापुढे पेन्सिलीने लिहिलंय, "वाळू सोडून". मी म्हटलं, परीक्षेत मात्र पुस्तकातलंच लिही हं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा टाकायला उठले.