न दिसणाऱ्या तोंडासाठी

मिनेसोटात डिसेंबरच्या मध्यावर सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो आणि नेमकी तीच वेळ वॉलआय माशाच्या भुकेची असते. या माशाच्या डोळ्यांत, मागच्या बाजूला, प्रकाश परतवणारा एक थर असतो. उरलासुरला उजेड त्यामुळे त्याला दोनदा मिळतो, आणि लहान माशांना काही दिसेनासं झालं की याची शिकार सुरू होते. मिल लॅक्ससारख्या अफाट तळ्यावर बर्फाला भोकं पाडून माणसं त्या घटकेची वाट बघत बसतात. हातात रॉड असतो तो जेमतेम अडीच फुटांचा. कोकणात खाडीकाठी उभं राहून लांब काठीने गरवणाऱ्याला एवढ्याशा रॉडवर मासे मिळतात हे पटायला वेळ लागेल. मला मात्र मासेमारीच्या सगळ्या सामानात इतकं विचारपूर्वक घडवलेलं दुसरं काही आढळलेलं नाही.

भोक पायाशीच असतं, त्यामुळे गळ लांब फेकायचा प्रश्नच नाही. लांबीचं कामच उरत नाही. उरतं ते माशाने तोंड लावल्याचं कळण्याचं काम. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं, म्हणून हिवाळ्यात त्या तापमानाचं पाणी तळाशी बसतं आणि वर बर्फाचं छत धरतं. माशाचं रक्त भोवतालच्या पाण्याइतकंच थंड होतं, पचन मंदावतं, हालचाल आखडते. उन्हाळ्यात झेप घेऊन आमिष ओढणारा मासा आता त्याच्याजवळ येऊन थांबतो, बघतो, आणि मन झालंच तर हलकेच तोंडात घेतो. बर्फावरचा रॉड निवडायचा तो त्या क्षणासाठी, नाडीवर बोटं ठेवणाऱ्या वैद्याच्या जाणतेपणाने.

तव्यात अख्खे मावणारे जे छोटे मासे, ज्यांना तिथे पॅनफिश म्हणतात, त्यांचं हे तोंड लावणं सगळ्यांत नाजूक असतं. ब्लूगिलचं तोंड एवढंसं. तो आमिषाला चावत नाही; पाण्याच्या घोटाबरोबर आत ओढतो आणि आवडलं नाही तर तितक्याच झटकन थुंकतो. हाताला काही कळायच्या आत सगळं आटोपलेलं असतं. म्हणून त्याच्यासाठी २४ ते २८ इंचांचा, अल्ट्रालाइट, शेवटच्या टोकाला अगदी लवचीक असा रॉड. कित्येक जण टोकावर बारीक तारेची स्प्रिंग लावतात. रॉड वाकायच्या आधी ती वाकते. क्रॅपीची तऱ्हा याहून गमतीची. तो बहुधा खालून वर येत आमिष घेतो, त्यामुळे टोक खाली ओढलं जाण्याऐवजी गळाचं वजन एकाएकी नाहीसं होतं आणि वाकलेली स्प्रिंग सरळ होते. ओढ लागेल म्हणून वाट बघणाऱ्याला हा मासा कधी आला आणि कधी गेला, याचा पत्ताच लागत नाही. त्यात क्रॅपीच्या ओठांची कातडी इतकी पातळ की ताठ रॉडने हिसका दिला तर गळ ती फाडून मोकळा होतो.

अशा रॉडला तंगूसही २ ते ४ पौंडांचाच हवा. गळ टंगस्टनचा असेल तर उत्तम. तो शिशाहून बराच जड, म्हणून आकाराने दाण्याएवढा असूनही पटकन खाली जातो आणि तंगूस ताणलेला ठेवतो. ढिल्या तंगुसातून कुठलीच खबर वर येत नाही. रीळ मी इनलाइन, म्हणजे तंगूस सरळ गुंडाळणारं, पसंत करतो. नेहमीच्या स्पिनिंग रिळावर तंगुसाला पीळ पडतो आणि खाली हलका गळ गरगर फिरत राहतो. फिरणाऱ्या आमिषाला ब्लूगिल तोंड लावायला बिचकतो.

वॉलआयचं तोंड हाडाचं आणि दातेरी. त्यात गळ रुतवायला रॉडच्या बुंध्यात जोर लागतो आणि खाली चकाकता चमचा, म्हणजे चमच्याच्या आकाराचं धातूचं आमिष, उडवत ठेवायला शेंड्यात चपळाई. २८ ते ३२ इंच, मीडियम किंवा मीडियम-लाइट, ६ पौंडांचा तंगूस, एवढं सांगितलं तरी पुरे. फक्त ताठपणाच्या मोहात पडू नये. भोकाखाली आलेला मोठा वॉलआय डोकं झटकतो तेव्हा आखूड रॉड आणि थोडासा तंगूस यांखेरीज मध्ये काहीच नसतं. तो झटका रॉडलाच वाकून पचवावा लागतो.

मिनेसोटाच्या नियमाप्रमाणे हिवाळ्यात एका माणसाला दोन गळ टाकता येतात, आणि वॉलआयसाठी निवड खरी खुलते ती इथे. एका हातात चमचा नाचवणारा ताठसर रॉड. दुसऱ्या भोकावर जिवंत मिनो, म्हणजे आमिषाचा बारीक मासा, लावून नुसता ठेवून दिलेला मऊ, फायबरग्लासचा रॉड. गाजावाजा ऐकून मासा येतो आणि पुष्कळदा खातो ते शांत असलेलं आमिष. मऊ टोक त्याच्यामागे वाकत जातं, त्याला कसलाही विरोध जाणवू देत नाही. ग्रॅफाइटचा रॉड संवेदनशील खरा, पण या जागी त्याचा काही उपयोग नाही.

आता पुष्कळांकडे मासा हेरणारा फ्लॅशर असतो. खाली मासा आला की तबकडीवर रंगीत रेघ उमटते. मासा आला हे तो सांगतो. त्याने तोंड उघडलं का, हे रॉडनेच सांगायचं.

दुकानात रॉडच्या कड्या जरूर बघाव्यात. ओला तंगूस बाहेरच्या थंडीत आत-बाहेर होताना कड्यांत बर्फ साचतो, म्हणून टोकाकडच्या कड्या फार बारीक नसाव्यात. तंबूत बसणाऱ्याने आखूड रॉड घ्यावा, नाहीतर हिसका देताना टोक छताला लागतं. उघड्यावर उभं राहणाऱ्याला ३६ इंचही चालतात.

आणि कुणी नव्याने बर्फावर जाणार असेल, मुलांना घेऊन, तर मी आधी पॅनफिशचाच रॉड घ्यायला सांगेन. ब्लूगिल भरदिवसा, काठाजवळच्या पाणवनस्पतींत सापडतो. वॉलआयसाठी अंधार होईपर्यंत मुलांना थंडीत बसवून ठेवणं मला योग्य वाटत नाही. शिवाय त्या बारीक रॉडवर चुकून वॉलआय लागलाच तर ४ पौंडांच्या तंगुसावरही तो सावकाश वर आणता येतो, रिळाचा ड्रॅग, म्हणजे तंगुसावरची पकड, आधीच सैल करून ठेवलेला असला म्हणजे झालं. वॉलआयच्या रॉडवर ब्लूगिलने तोंड लावलेलं मात्र कळणारच नाही.