मागाची खोली

पन्नाशी उलटलेल्या मनुष्यानें कोणता छंद धरावा याविषयीं आमच्या समाजाचीं मतें मोठीं ठाम आहेत. त्यानें पहाटे फिरावयास जावें, संध्याकाळीं ज्ञानेश्वरी उघडावी, आणि अंगांत फारच उत्साह असेल तर गच्चीवर मोगऱ्याच्या कुंड्या ठेवाव्या. हातांत पाना घेऊन सायकलच्या मागच्या चाकापुढें बसकण मारणें या यादींत कोठेंच बसत नाहीं. आणि तो मनुष्य महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकविणारा असला म्हणजे तर मुळींच नाहीं. आम्हीं घराच्या तळमजल्यावर सायकलदुरुस्तीची खोली थाटली तेव्हां शेजारच्या एका सद्गृहस्थांनीं आमच्या सौभाग्यवतींना हलक्या आवाजांत विचारलें, "वहिनी, सरांचा पगार वेळेवर होतो ना?"

या खोलीची हकीकत सांगावयाची तर भिवंडीपासूनच आरंभ केला पाहिजे. ज्यांनीं हें गांव पाहिलें नाहीं त्यांनींही तें अंगावर वागविलें असण्याचा संभव आहे. कारण हें यंत्रमागांचें गांव, आणि येथलें कोरें कापड रंगून, छापून, नांव बदलून देशभर जातें. माग केवळ मोठ्या शेडींतच असतात असें नाहीं. ते घराखालीं असतात, घरामागें असतात. आमचा तळमजलाही वडिलांनीं एका मागवाल्यास भाड्यानें दिला होता. त्यांत चार माग होते. धोटा मिनिटाला शंभराहून अधिक वेळां या कडेहून त्या कडेला फेकला जाई, आणि त्या धक्क्यानें वरच्या मजल्यावर मांडणींतलीं भांडीं किणकिणत. शाळेंतल्या साऱ्या कविता आम्हीं याच तालावर पाठ केल्या. पुढें वर्ड्स्वर्थ शिकवितांना शांततेचें वर्णन आलें कीं तें समजावून देणें आम्हांस जड जाई. कारण ती आम्हीं स्वतः कधीं ऐकलीच नव्हती.

२०१८ सालीं भाडेकऱ्यानें माग काढले. सुताचे भाव, विजेचें बिल आणि धोट्याविना चालणारे नवे वेगवान माग, या तिघांशीं एकट्यानें झुंजणें त्यास शक्य नव्हतें. माग गेले ते भंगाराच्या भावानें, किलोवर. पिढीभर ज्यांनीं कापड विणलें त्यांचें वजन करावयास एक दुपार पुरली. मागें राहिलीं तीं जमिनींत मागांचे पाय रोवल्याचीं सोळा भोकें, तुळयांवर बसलेली कापसाची लव, आणि सिमेंटमध्यें मुरलेला तेलाचा वास. खोलीचें काय करावें यावर घरांत खल झाला. गोदामाला द्यावी असें एक मत पडलें. गांवाभोंवतीं गोदामांचें पीक आलेलें असल्यामुळें तें व्यवहारी होतें. चिरंजीवांना मोटार ठेवावयाची होती. परंतु आमच्या आळींत मोटार शिरूं शकते, वळूं शकत नाहीं. ‘गॅरेज’ हें नांव मात्र त्या चर्चेंतून खोलीला चिकटलें तें चिकटलेंच. शेवटीं आम्हीं तींत आमची काळी सायकल नेऊन ठेवली, व तिच्या निमित्तानें एकेक हत्यार.

नवशिक्यास मोह पडतो तो हत्यारांचा. चकचकीत पेट्या मिळतात, आणि त्यांतील अर्धे पाने मालकाच्या हयातींत एकदांही वळत नाहींत. खरी गरज प्रथम उजेडाची, मग कोपराइतक्या उंच बाकाची, आणि मग सायकल जमिनीवरून उचलून टांगण्याच्या सोयीची. बाक आम्हीं एका जुन्या सागवानी दाराचा केला. टांगण्यासाठीं तुळईला पूर्वींचे आंकडे होतेच; त्यांना दोर बांधले. आठपासून सतरा मिलिमीटरपर्यंतचे पाने, चाकाच्या कोनसाठीं एक पातळ पाना, मुलांच्या गिअरवाल्या सायकलींसाठीं षट्कोनी एल-चाव्या, आरे आवळण्याची चावी, चेनची पिन काढण्याचा पंच, पंप, आणि पंक्चर पाहण्यासाठीं पाण्याचें घमेलें, एवढ्यावर बहुतेक संसार चालतो. भाडेकऱ्याचा एक फुटका धोटा कोपऱ्यांत सांपडला. त्याच्या पोकळींत व्हॉल्व्हच्या रबरी नळ्या सुरेख राहतात. या सर्वांहून आमची विशेष प्रीति एका बारा इंची लोखंडी पट्टीवर आहे. सायकलच्या चेनींत पिनेपासून पिनेपर्यंत अर्धा इंच अंतर असतें, म्हणजे चोवीस अंतरांचे बरोबर बारा इंच झाले पाहिजेत. ते एक अष्टमांश इंचानें वाढलेले दिसले कीं चेन झिजली असें समजावें, नाहींतर ती आपल्याबरोबर दांतेही खाऊन टाकते. परीक्षकाला इतकी निःपक्षपाती पट्टी मिळती तर!

गुरु मात्र पेटींत मिळत नाहीं. तो आम्हांस भेटला तो याच खोलींत. भाडेकऱ्याचे माग जुळवून देणारे जे फिटर होते, ज्यांना आळींत सगळे चाचा म्हणतात, ते एका रविवारीं खोली पाहावयास आले. मूळचे मऊचे, तेंही विणकरांचेंच गांव. बावीस वर्षें या खोलींत काम केलेले हे गृहस्थ आतां एका गोदामांत खोकीं मोजतात. ते आले तेव्हां आम्ही मागच्या चाकाची वांक काढण्याच्या खटपटींत होतों. जुन्या काळ्या सायकलींची ठेवण अशी कीं पुढच्या चाकाला बत्तीस आरे, मागच्याला चाळीस. रिम डावीकडे सरकली असेल तेथें उजव्या बाजूचे आरे आवळावे व डाव्या बाजूचे तितकेच सैल करावे, एका वेळीं पाव फेरा. हा नियम आम्हांस ठाऊक होता. चाचांनीं नियम विचारला नाहीं. त्यांनीं चाक हळू फिरवून एकेका आऱ्यावर वीणेच्या तारेप्रमाणें बोट मारलें, आणि डोळे मिटून म्हणाले, "सर, पहिले कान, आँख बाद में." ताठ आरा उंच वाजतो, ढिला आरा खालच्या सुरांत बद्द करतो. तीन आरे बेसूर निघाले. चार मागांच्या कल्लोळांत कोणत्या मागाचा कोणता पट्टा सैल झाला हें ज्या कानानें ओळखलें, त्यापुढें चाळीस आऱ्यांची काय कथा! आम्ही मात्र त्या कल्लोळाला आयुष्यभर गोंगाट म्हणत आलों होतों.

आमच्या सुशिक्षित वर्गास यंत्राचा अभिमान फार, पण यंत्राला हात लावावयाचा तो दुसऱ्यानें. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक होते. त्यांचा व त्यांचे बंधु रामूअण्णा यांचा उद्योग १८८८ सालीं बेळगांवांत सायकलींच्या दुकानापासून सुरू झाला. तेथून कडबा कापण्याचीं यंत्रें, लोखंडी नांगर, आणि १९१० सालीं औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी. ही कथा आपण मुलांना सांगतों ती कारखान्यापासून. दुकानांतल्या काळ्या हातांपाशीं आपण फार वेळ थांबत नाहीं. आम्हांस कांहीं कारखाना काढावयाचा नाहीं. परंतु डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात हें हातानें कळणें आणि पुस्तकानें कळणें यांत फार अंतर आहे, एवढें आम्ही शपथेवर सांगूं.

२०२० च्या मार्चअखेर देश कुलूपबंद झाला आणि गांवांतले माग थांबले. जी शांतता आम्हांस शिकवितां येत नव्हती ती प्रथमच ऐकूं आली, आणि ऐकवेना. एप्रिलच्या मध्याला एका संध्याकाळीं चाचा आले, बरोबर त्यांचा विशीतला पुतण्या आणि बाराशें रुपयांना घेतलेली एक जुनी सायकल. खोलींत बारा जण, काम नाहीं, खानावळ बंद. मुलगा मऊला निघाला होता. सुमारें दीड हजार किलोमीटर. सौभाग्यवतींनीं त्याला जेवावयास वाढलें आणि आम्हांस आंत बोलावून विचारलें, "चाक सरळ करून तुम्ही ह्या पोराला उन्हांत मरावयाला धाडतां आहांत का?" या प्रश्नाचें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें. आम्हीं बाहेर येऊन तोच प्रश्न चाचांना केला. ते म्हणाले, "वह तो जाएगा ही, सर. चक्का टेढ़ा हो तो भी जाएगा."

मग आम्हीं मागचा हब उघडला. दोहों बाजूंचे पाव इंची नऊ-नऊ छर्रे घासलेटांत धुतले. पांच फुटले होते, ते बदलले. चेन पट्टीला लावली तर अष्टमांशाच्या पुष्कळ पुढें गेलेली. म्हणून आमच्या सायकलीची काढून घातली. चाचा दिव्याकडे पाठ करून आरे वाजवीत होते. पंक्चर कसें काढावें हें मुलाला आम्हीं स्वतः शिकविलें. घमेल्यांत बुडबुडा दिसला कीं जागेवर खूण करावी, ती पुसून काचकागदानें घासावी, सोल्यूशन लावावें, आणि मग थांबावें. ओलें असतांना ठिगळ चिकटविलें तर तें सुटतें. "थांबावें" हा शब्द आम्हीं त्याला तीनदां सांगितला. त्याला तो त्या वेळीं कसा लागला असेल कोण जाणे. पहाटे तीन वाजतां तो निघाला.

अठराव्या दिवशीं निरोप आला कीं गांवच्या शाळेंत इतरांबरोबर वेगळा ठेवला आहे, बरा आहे, वाटेंत दोन आरे तुटले. त्याच सुमारास भिवंडी रोड स्थानकावरून गोरखपूरची पहिली गाडी सुटली. सौभाग्यवतींनीं आम्हांस त्यावर कांहीं म्हटलें नाहीं, आणि त्यांचा तो प्रश्न अजून मागें घेतलेलाही नाहीं.

त्यानंतर रविवारचें या खोलीचें दार आळीकडे उघडें असतें. एरवीं ही गोष्ट सांगण्याजोगी नव्हे. परंतु आमच्या गांवानें १९७० आणि १९८४ सालच्या दंगली पाहिल्या आहेत. दुसऱ्या वेळीं आम्ही शाळकरी होतों, आणि याच दाराला आंतून अडसर घालून त्यामागें बसल्याचें आम्हांस स्मरतें. आतां दोन्हींकडच्या आळ्यांतलीं मुलें येतात, घमेल्याभोंवतीं दाटी करतात, आणि बुडबुडा पहिल्यानें कोणी पाहिला यावरून भांडतात. तें भांडण आम्ही सोडवीत नाहीं.

सध्याचा वाद आहे तो पैशांचा. आम्हीं फुकट काम केलें तर नाक्यावरच्या पंक्चरवाल्याच्या पोटावर पाय येतो, हें चाचांचें म्हणणें आम्हांस मान्य झालें. म्हणून ज्याला शिकावयाचें असेल त्यानें आपलें पंक्चर आपण काढावें, नसेल त्यानें नाक्यावर जावें, असा ठराव आहे. चाकें मात्र आम्ही ठेवून घेतों. आज आंकड्याला शेजारच्या मुलीची सायकल टांगलेली आहे. मागच्या चाकांतले दोन आरे बेसूर वाटतात, तिसऱ्याविषयीं आमची खात्री होत नाहीं, आणि चाचांना या रविवारीं गोदामांत जादा पाळी आहे.